गुडघ्याचा ओळंबा

तंजावरास जाणारा मराठी मनुष्य बहुधा तीन गोष्टी पाहावयास जातो : राजराज चोळाने बांधविलेले बृहदीश्वराचे मंदिर, त्याच मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरविलेला भोसले घराण्याचा मराठी शिलालेख, आणि सरस्वती महालातील मोडी कागदपत्रे. मीही ह्याच तीन गोष्टींसाठी गेलो होतो. परंतु परत येताना जी गोष्ट मनात घेऊन आलो ती चौथीच होती, आणि तिचा संबंध इतिहासाशी नसून गुडघ्याशी होता.

आमचे घराणे मूळ तंजावरचे. वडील नोकरीच्या निमित्ताने पुण्यास आले; त्यांची धाकटी बहीण मात्र तिथेच राहिली. ह्या आमच्या आत्याबाईंनी चाळीस वर्षे गावातल्या मुलींना वीणा शिकविली. वीणा शिकवावयाची म्हणजे जमिनीवर मांडी घालून बसावयाचे, वीणेची दांडी मांडीवर घ्यावयाची आणि दोन-दोन तास हलावयाचे नाही. अडुसष्टाव्या वर्षी त्यांच्या गुडघ्यांनी ह्या सेवेतून निवृत्ती मागितली. पाय धनुष्यासारखे बाहेर वाकले, दोन गुडघ्यांमध्ये ओंजळ मावेल एवढी जागा पडली, आणि देवघरापासून स्वयंपाकघरापर्यंतची दहा पावलेही भिंतीच्या आधाराने पडू लागली. डॉक्टरांनी सांगितले, कूर्चा झिजून हाडाला हाड लागले आहे. आता सांधा बदलणे हाच उपाय.

आत्याबाईंची तयारी होईना. त्याला कारणही तसेच होते. त्यांच्या थोरल्या नणंदेचा गुडघा चार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरात बदलला होता. क्ष-किरण चित्रात पाय ताठ, सरळ, पाहणाऱ्याने वाहवा म्हणावी असा. पण जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीपाशी अशी कळ येई की त्या पायरीवरच बसून राहात. आत्याबाईंनी मला एक साधा प्रश्न विचारला. “अरे, गवंडी भिंत उभारतो तेव्हा ओळंबा सोडतो. सुतार चौकट बसवितो तेव्हा गुण्या लावतो. हे लोक माझ्या हाडात धातू बसविणार, ते कशाला धरून? आणि सगळे सरळ असून वन्संचे दुखते का?”

मला उत्तर देता आले नाही. पुढे काही दिवस तिथल्या एका अस्थिशल्यचिकित्सकांपाशी बसून आणि मागाहून बरेच वाचून जे समजले, ते आज आपणापुढे ठेवीत आहे.

गुडघा हा दिसावयास बिजागरीसारखा आहे. परंतु बिजागरी समजून त्याच्याशी जे वागले, ते फसले. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी दोन गोल उंचवटे असतात. नडगीच्या हाडाचा माथा जवळजवळ सपाट असतो. हे दोन गोल त्या सपाटीवर एकाच वेळी घरंगळतात, घसरतात आणि थोडे वळतातही. त्यांना आवरून धरणारे अस्थिबंध दोन बाजूंना दोन आणि आत फुलीसारखे दोन. समोर वाटी; ती मांडीच्या हाडावरील खोबणीतून वर-खाली सरकते. चालताना ह्या सांध्यावर देहाच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पडतो; जिना उतरताना त्याहूनही अधिक. म्हणजे साठ किलो वजनाची बाई देवळाच्या चार पायऱ्या उतरते तेव्हा तिचा गुडघा प्रत्येक पावलागणिक दीड-दोनशे किलोंचे ओझे झेलीत असतो.

हे ओझे कोठून कोठे जाते? इथे आत्याबाईंचा ओळंबा कामी येतो. खुब्याच्या गोलाचा मध्य आणि घोट्याचा मध्य ह्या दोन बिंदूंमधून एक दोरी ताणली अशी कल्पना करा. ही पायाची भाररेषा. सुस्थित पायात ती गुडघ्याच्या मध्याजवळून जाते. आता गंमत अशी की मांडीचे हाड स्वतः ह्या रेषेत नसते. खुब्याशी ते मान वळवून बाहेर निघते आणि तिरपे खाली येते. त्यामुळे हाडाचा कणा आणि भाररेषा ह्यांत सामान्यतः पाच ते सात अंशांचे अंतर असते. हाताला लागते ते हाड. धरावयाची असते ती रेषा, आणि ती तर डोळ्यांना दिसत नाही. खुब्याचा मध्य मांसात खोल दडलेला, रोगी निर्जंतुक वस्त्रांनी झाकलेला, आणि शल्यचिकित्सकापुढे उघडा असतो तो वीतभर लांबीचा गुडघा. मधल्या खांबाचा तेवढा तुकडा पाहून पायापासून कळसापर्यंतचा ओळंबा साधावयाचा, असे हे काम आहे.

आत्याबाईंसारख्यांचे पाय बाहेर वाकतात तेव्हा ही भाररेषा गुडघ्याच्या आतल्या बाजूला सरकते. मग आतली अर्धी बाजू सगळे ओझे घेते, तिची कूर्चा झिजते, झिजल्यामुळे पाय अधिक वाकतो, आणि अधिक वाकल्यामुळे आणखी झिजते. हे दुष्टचक्र एकदा सुरू झाले की तेले आणि शेक त्याची कळ कमी करू शकतात. त्याची दिशा बदलू शकत नाहीत.

हा सांधा बदलण्याची कल्पना नवी नाही. बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लीस ग्लुक ह्या शल्यज्ञाने १८९० साली हस्तिदंती बिजागरी गुडघ्यात बसविली होती. क्षयाने पोखरलेल्या सांध्यांत ती टिकली नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर धातूच्या बिजागऱ्या आल्या. पण गुडघ्याला जे थोडेसे वळणे लागते ते बिजागरीला ठाऊक नसल्यामुळे प्रत्येक पिळाचा ताण हाडातील पकडीवर येई आणि ती सैल होई. १९६८ मध्ये इंग्लंडातील राइटिंग्टन येथे फ्रँक गन्स्टन ह्या कॅनडाच्या तरुण डॉक्टराने बिजागरी सोडून दिली आणि धातूच्या वक्र पट्ट्या प्लास्टिकच्या खोबणीत सरकू दिल्या. त्याच रुग्णालयात जॉन चार्न्ली ह्यांनी खुब्यासाठी रूढ केलेले अस्थि-सिमेंट त्याने गुडघ्यात वापरले. पुढे १९७४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जॉन इन्सॉल, पीटर वॉकर आणि मूळचे भारतीय असलेले चित्तरंजन राणावत ह्यांनी संपूर्ण गुडघ्याची जी रचना केली, तीच आजच्या बहुतेक कृत्रिम गुडघ्यांची आई म्हणावयास हरकत नाही. ह्याच राणावतांनी २००० साली मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी ह्यांचा डावा गुडघा बदलला, आणि पुढल्या वर्षी उजवा. त्या दिवसांपासून ‘गुडघा बदलणे’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे घरोघर कळू लागला.

‘बदलणे’ हा शब्द मात्र थोडा फसवा आहे. संपूर्ण गुडघा काढून दुसरा घालतात असे नव्हे. हाडांची झिजलेली टोके, सुमारे आठ ते दहा मिलिमीटर जाडीची, करवतीने कापून टाकतात. मांडीच्या टोकाला कोबाल्ट-क्रोमियम धातूची टोपी चढवितात, नडगीच्या माथ्यावर धातूची थाळी बसवितात आणि दोहोंच्या मध्ये पॉलिथिलीनची गुळगुळीत गादी ठेवतात. दातांची डागडुजी करणारा वैद्य दातावर टोपी बसवितो, तसाच काहीसा हा प्रकार. बाजूचे अस्थिबंध, स्नायू, कातडी ही सगळी रोग्याची स्वतःचीच राहतात. म्हणून ह्या शस्त्रक्रियेचे यश धातूच्या किमतीपेक्षा तो कोणत्या कोनात बसला ह्यावर अधिक अवलंबून असते. आणि कोन ठरतो तो कापताना. धातू बसवून झाल्यावर तो ठरविता येत नाही.

आता ह्या कोनांचा हिशेब पाहू. पहिला काप मांडीच्या हाडाचा. हाडाच्या पोकळीत एक लांब सळई सरकवितात. ती हाडाचा कणा दाखविते. भाररेषा त्या कण्यापासून पाच-सहा अंशांनी ढळलेली असल्यामुळे काप घेण्याचा साचा त्या सळईवर तेवढ्याच अंशांनी फिरवून लावतात. हा आकडा प्रत्येकाचा निराळा. म्हणून खुब्यापासून घोट्यापर्यंतचे उभ्याने काढलेले लांब क्ष-किरण चित्र आधी हवे. मांडीचे हाडच धनुष्यासारखे वाकलेले असले, आणि आपल्या देशात असे पुष्कळ रोगी भेटतात, तर एकच ठराविक आकडा सर्वांना लावणारा हमखास चुकतो. दुसरा काप नडगीचा. तो रूढ पद्धतीने नडगीच्या कण्याशी काटकोनात घेतात, मात्र पुढून मागे थोडा उतार ठेवून. येथे एक अंश म्हणजे काय, हे आत्याबाईंना समजावून देण्यासाठी मी दोरा घेऊन बसलो होतो. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत सुमारे ३६ सेंटिमीटर अंतर धरले, तर माथ्याशी तीन अंशांची चूक घोट्यापाशी जवळजवळ १९ मिलिमीटर होते. दारच्या चौकटीत एवढा फरक राहिला तर दार लागत नाही. पायाच्या बाबतीत दार लागते, परंतु गादीची एक कड दुसरीपेक्षा लवकर झिजते. म्हणूनच अनेक वर्षे ‘भाररेषेपासून इकडे तीन अंश, तिकडे तीन अंश’ ही शल्यचिकित्सकांची मर्यादा मानली गेली.

पण नणंदबाईंचा पाय ह्या मर्यादेत होता. मग दुखणे कोठले?

ह्याचे उत्तर तिसऱ्या दिशेत आहे. समोरून काढलेले चित्र पाय सरळ आहे की वाकडा एवढेच सांगते. धातूची टोपी स्वतःभोवती आत फिरली आहे की बाहेर, हे ते सांगत नाही. देवाची मूर्ती समोरून पाहिली तर ओळंब्यात उभी दिसावी, आणि वरून पाहिले तर ती दोन बोटे डावीकडे वळलेली असावी, तसे हे आहे. टोपी आतल्या बाजूला वळलेली असली की वाटीची खोबणीही तिच्याबरोबर वळते. वाटी आपल्या जुन्या मार्गाने सरकू पाहते, खोबण तिला दुसरीकडे ओढते, आणि गुडघा वाकविताना, विशेषतः जिना उतरताना, वाटी कडेवर घासते. मांडीच्या हाडाचे मागचे दोन गोल सारख्या उंचीचे नसतात. म्हणून त्यांना टेकवून साचा लावला तर तो सामान्यतः तीन अंश बाहेर वळवावा लागतो. झिजेमुळे एक गोल अधिक खाल्ला गेला असेल, तर हा तीनही चुकतो. ह्यासाठी हाडाच्या दोन बाजूंचे उंचवटे जोडणारी रेषा आणि वाटीच्या खोबणीची मधली रेषा अशा आणखी दोन खुणा पाहतात, आणि तिन्हींची साक्ष जुळल्यावरच करवत चालवितात. नणंदबाईंच्या गुडघ्याचे पुढे सीटी-स्कॅन काढले तेव्हा टोपी कित्येक अंश आत वळलेली आढळली. चार वर्षे ज्या दुखण्याला घरातली माणसे ‘मनाचे खेळ’ म्हणत होती, त्याला एक आकडा होता. तो फक्त कोणी मोजला नव्हता.

इथवरचे सगळे मोजमापाचे झाले. परंतु मोजमाप अचूक असूनही गुडघा बिघडू शकतो, हे मला शल्यचिकित्सकांनी सांगितले तेव्हा पटले नाही. ते पटले तंजावरच्या एका वीणाकाराच्या दुकानात.

तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची. तिच्या दांडीवर दोन बाजूंना मेणाचे उंच काठ असतात. त्या मेणात कोळशाची पूड मळलेली असते. त्या काठांवर पितळेचे चोवीस पडदे बसवितात, एका सप्तकाला बारा अशी दोन सप्तके. सतराव्या शतकात रघुनाथ नायकाच्या कारकीर्दीत ह्या चोवीस पडद्यांची योजना पक्की झाली असे मानतात. आत्याबाईंच्या वीणेचे पडदे ढळले होते म्हणून मी ती घेऊन गेलो होतो. कारागिराने आधी मापाने पडदे ठेवले. तारेच्या बरोबर अर्ध्यावर वरचा षड्ज, हे गणित त्याला तोंडपाठ होते. मेण ऊन, मऊ. मग त्याने एकेका पडद्यावर तार दाबली, छेडली, कान लावला, आणि पडदा केसभर पुढे किंवा मागे ढकलला. मी विचारले, माप बरोबर होते ना? तो म्हणाला, माप नुसत्या तारेचे असते. बोट दाबले की तार ताणते आणि स्वर चढतो. किती चढतो हे त्या तारेवर, त्या उंचीवर अवलंबून. म्हणून शेवटचा शब्द कानाचा.

गुडघ्यातही नेमके हेच आहे. हाड मोजून कापले म्हणजे तारेचे माप झाले. अस्थिबंधांचा ताण अजून ऐकावयाचा असतो. हाडे कापल्यावर दोन हाडांच्या मध्ये एक चौकोनी पोकळी उरते. पाय ताठ केला असताना ती जेवढी असेल तेवढीच, पाय नव्वद अंशांत वाकविला असतानाही असावयास हवी. आणि दोन्ही वेळा आतल्या व बाहेरच्या बाजूची उंची सारखी हवी. पोकळी ताठ पायात लहान असेल तर पाय पुरता सरळ होणार नाही. वाकलेल्या पायात मोठी असेल तर जिन्यावर गुडघा डळमळेल, आणि माणसाला आपल्या पायाचा भरवसा वाटणार नाही. बाहेर वाकलेल्या पायात आतला अस्थिबंध वर्षानुवर्षे आखडलेला असतो; तो जपून, थोडाथोडा मोकळा करावा लागतो. मधली गादी एक-दोन मिलिमीटरच्या फरकाने कमी-अधिक जाडीची मिळते, ती ह्याच शेवटच्या जुळणीसाठी. तात्पुरते तुकडे घालून डॉक्टर पाय पुन्हा पुन्हा वाकवितात, दोन्ही बाजूंनी दाबून पाहतात, वाटी आपण होऊन खोबणीतून चालते की नाही ते न्याहाळतात. मग अस्थि-सिमेंट कालवितात. ते सुमारे दहा-पंधरा मिनिटांत दगडासारखे होते. वीणेचे मेण चार-पाच वर्षांनी पुन्हा ऊन करून पडदे नव्याने लावता येतात. हाडाची गोष्ट तशी नाही. दुसऱ्या वेळी उघडलेल्या गुडघ्यात हाड कमी उरलेले असते, आणि काम दुप्पट कठीण होते.

मापाला आधी मान द्यावा की ताणाला, ह्यावर शल्यचिकित्सकांत दोन पंथ आहेत, आणि बहुतेक अनुभवी हात दोहोंची सांगड घालतात. परंतु गेल्या काही वर्षांत ह्याहून मूलगामी प्रश्न पुढे आला आहे : सरळ रेषा हेच सर्वांचे ध्येय असावे काय? बेल्जियममधील योहान बेलमन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुडघ्याचे कोणतेही दुखणे नसलेल्या तरुण माणसांचे पाय मोजले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात सुमारे ३२ टक्के पुरुषांचे आणि १७ टक्के स्त्रियांचे पाय मूळच्या घडणीनेच तीन अंश किंवा अधिक बाहेर वाकलेले आढळले. अशा माणसाचा पाय ओळंब्यात आणणे म्हणजे त्याच्या अस्थिबंधांना कधीही नसलेली सवय लावणे होय. त्याआधी, २०१० साली, अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या शल्यचिकित्सकांनी ३९८ गुडघ्यांचा पंधरा वर्षांचा हिशेब मांडला होता. तीन अंशांच्या मर्यादेत बसलेले गुडघे मर्यादेबाहेरच्यांपेक्षा अधिक टिकले असे त्यांना दिसले नाही. ह्यावरून काही शल्यचिकित्सक रोग्याची मूळची, झिजेपूर्वीची ठेवण शोधून तीच परत देण्याचा प्रयत्न करतात. दुसरे म्हणतात, वाकडेपणा फार झाला तर गादी आणि सिमेंट त्याची किंमत मागतील, म्हणून ह्या स्वातंत्र्यालाही कुंपण हवे. वाद मिटलेला नाही. पण त्यातून एक गोष्ट निश्चित झाली : तीन अंश ही लक्ष्मणरेषा नसून एक जुना, उपयुक्त अंदाज आहे.

साधनांतही मोठा पालट झाला आहे. १९९७ मध्ये फ्रान्समधील ग्रनोबल येथे संगणकाच्या मार्गदर्शनाने पहिला गुडघा बसविण्यात आला. हाडांना लावलेल्या खुणा कॅमेरा टिपतो, पाय गोल फिरविला की संगणक खुब्याचा दडलेला मध्य हिशेबाने काढतो, आणि न दिसणारी भाररेषा पडद्यावर उमटते. आता यांत्रिक हातही आले आहेत. ठरविलेल्या रेषेबाहेर ते करवतीला जाऊच देत नाहीत. ह्या साधनांनी मोठ्या चुका कमी होतात ह्याबद्दल फारसा मतभेद नाही. परंतु रोग्याचे समाधान त्याच प्रमाणात वाढते, असे अजून ठामपणे दाखविता आलेले नाही. ह्यात नवल नाही. यंत्र सांगितलेल्या जागी अचूक कापते. कोठे कापावयाचे, हे त्याला माणसानेच सांगावे लागते. गवंड्याला उत्तम ओळंबा दिला म्हणून घराचा नकाशा सुधारत नाही.

मग हे ‘कोठे’ माणसास कसे कळते? नोंदींवरून. स्वीडनने १९७५ पासून देशातील बदललेल्या गुडघ्यांची नोंदवही ठेवली, आणि कोणता गुडघा किती वर्षे टिकला हे साऱ्या जगाला त्यातून शिकता आले. अशा राष्ट्रीय नोंदी एकत्र करून २०१९ साली काढलेला अंदाज असा की, बदललेल्या शंभर गुडघ्यांपैकी सुमारे ८२ पंचवीस वर्षांनंतरही जागच्या जागी असतात. मात्र पाश्चात्त्य देशांतील पाहण्या असेही सांगतात की सुमारे पाचांतील एक रोगी शस्त्रक्रियेनंतर पुरता समाधानी नसतो. टिकणे आणि सुखाने चालणे ह्या दोन गोष्टी आहेत; दोन्ही लिहून ठेविल्या तरच दोन्ही सुधारतील.

हे ऐकत असताना मला सरस्वती महालातील ते कागद आठवत होते. १७९८ ते १८३२ ह्या काळात तंजावरच्या गादीवर असलेल्या सरफोजीराजांना वैद्यकाचा मोठा नाद. धन्वंतरी महालात त्यांनी औषधींचे प्रयोग करविले; आणि डोळ्यांच्या रोग्यांच्या ज्या नोंदी त्यांच्या काळी झाल्या त्यांत रोगाचे स्वरूप, केलेला उपचार, मागाहूनची स्थिती, इतकेच काय, रोगी डोळ्यांची रंगीत चित्रेसुद्धा आहेत. दोन शतकांपूर्वी ह्याच गावात कोणाला तरी वाटले होते की शस्त्रक्रिया झाली म्हणजे काम संपले नाही. पुढे त्या माणसाला दिसले की नाही, हेही लिहून ठेवावे. आपल्या देशात दरवर्षी असंख्य गुडघे बदलले जातात. त्यांतील प्रत्येकाचा कोन आणि प्रत्येकाचे पुढचे चालणे कोणी लिहून ठेवते काय, हा प्रश्न प्रत्येक रुग्णालयाला विचारावयासारखा आहे.

पैशाचा प्रश्न आहेच. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतीवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या संचाची मर्यादा तेव्हा कर सोडून ५४,७२० रुपये ठरली. त्यामुळे मध्यमवर्गाला मोठा दिलासा मिळाला. परंतु धातू स्वस्त झाला तरी हात स्वस्तात मिळत नाही. म्हणून ज्यांच्या घरी हा निर्णय व्हावयाचा आहे त्यांनी धातूच्या नावाची चौकशी करण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. खुब्यापासून घोट्यापर्यंतचे उभ्याने चित्र काढणार काय? माझ्या पायाची मूळची ठेवण कशी होती, आणि आपण ती कोणत्या रेषेत आणू इच्छिता? आणि नंतर दुखलेच तर धातू किती वळला आहे हे कसे तपासणार? जो डॉक्टर ह्या प्रश्नांनी रागावणार नाही, त्याच्या हाती गुडघा द्यावयास हरकत नाही.

आत्याबाईंनी हे तीनही प्रश्न विचारले, तमिळमध्ये आणि आपल्या नेहमीच्या मास्तरणीच्या आवाजात. डॉक्टर हसले आणि म्हणाले, “अम्मा, चौथा प्रश्न तुम्ही विचारला नाही. मांडी घालता येईल का?” त्यांनी स्पष्ट सांगितले की गुडघा पुष्कळ वाकेल, जिना चढता-उतरता येईल, देवळाला प्रदक्षिणाही घालता येईल, परंतु जमिनीवर मांडी घालून तासन् तास बसणे हे आता सोडावे, त्या बैठकीत गादीवर पडणारा पीळ तिला सोसत नाही. आत्याबाई त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. आठ दिवसांनी त्यांनी होकार दिला.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी त्या चौकट धरून उभ्या राहिल्या. सहा आठवड्यांनी काठी सुटली. नणंदबाईंचा गुडघाही पुढे दुसरीकडे उघडून टोपी नव्याने बसविली. त्या आता जिना उतरतात, मात्र कठड्याला धरून. मी गेल्या खेपेस गेलो तेव्हा आत्याबाईंच्या घरी दोन मुली शिकावयास आल्या होत्या. मुली खाली चटईवर, आणि आत्याबाई सुताराकडून करवून घेतलेल्या बुटक्या चौरंगावर, पाय खाली सोडून. पुढे वीणेसाठी लाकडी घोडी. चौरंगाची उंची त्यांनी तीनदा कापवून घेतली होती. मी म्हटले, आता जमते ना? त्या म्हणाल्या, “बैठक बदलली की हात थोडा निराळा पडतो. पण स्वर जागेवर आहे.” आणि त्यांनी समोरच्या मुलीला, चढलेला पंचम पुन्हा वाजवावयास सांगितले.